दुसरी चूल मांडायला पैसे कुठून आणू?

"ताई, वेगळं व्हायचं आमचं ठरलंय. पण एका घराचंच भागत नाही, तिथे दुसरं कुठून मांडू?" चिपळुणात समुपदेशन करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्यातलीच एक गोष्ट सांगते.

ती पतसंस्थेत कामाला, पगार 11 हजार. तो जवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत, हातात 32 हजार. फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ता 12,600. मुलगी चौथीत. मारहाण नव्हती, पण दोन वर्षं घरात अबोला होता.

आधी मारहाणीबद्दल सांगते. ती असेल तर मी हिशेबाचा कागद काढतच नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. नवऱ्याने दुसरी जागा किंवा तिचं भाडं द्यावं, असाही आदेश कोर्ट देऊ शकतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी तिचं उत्पन्न बघत नाहीत. 181 वर फोन करायचा, बाकीचं नंतर.

या दोघांना घाई नव्हती. संमतीने घटस्फोट मागायला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, म्हणून उद्याच खोली हवी असं तिला वाटत होतं. पण इथे "वेगळं" म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. एका छपराखालीही ते असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय. हे ऐकल्यावर तिचा श्वास जरा खाली बसला.

मग ती जागांची यादी घेऊन आली. तळमजल्यावरच्या खोल्या स्वस्त होत्या. मी विचारलं, "2021 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, विचारलंस?" त्या तिने तिथेच खोडल्या. दुसरा पर्याय गावातल्या चुलत काकांच्या बंद घराचा. घर उघडं राहील, दिवाबत्ती होईल, भाडं नाही. आपल्याकडे हा विचार पहिल्यांदा येतोच, आणि मला त्याचीच भीती वाटते. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा काढायला लावला, तर त्यावर सहा हिस्सेदार. काका हो म्हणाले, म्हणजे सगळे म्हणाले असं नाही. गणपतीला मुंबईहून सगळी मंडळी उतरली की हिने मुलीला घेऊन जायचं कुठे? शिवाय मुलीची आताची शाळा सोडावी लागली असती.

तिसऱ्या बैठकीला तोही आला. बाहेर कुणी पडायचं, हा विषय आजवर फक्त तिच्याच अंगाने बोलला गेला होता. मी त्याला सरळ विचारलं, "तुम्ही का नाही?" तो म्हणाला, "बाहेर पडलो तर फ्लॅट गेला." तसं होत नाही. नाव करारनाम्यात असतं, कुठे झोपतो त्याने मालकी जात नाही. बँकेलाही तुमच्या भांडणाशी घेणंदेणं नसतं, हप्ता चुकला तर दोघांचाही सिबिल बिघडतो.

मग आकडे मांडले. लोट्याजवळ सहकाऱ्यासोबत खोली, त्याच्या वाट्याचं भाडं 2,500, डबा 3,000. हप्ता त्याने भरायचा आणि मुलीसाठी महिना 6,000 द्यायचे. त्याच्या हातात 7,900 उरले, तिच्याकडे घरखर्चाला 17 हजार. ओढाताण आहेच, ती मी लपवली नाही. पण तिने एकटीने 6,000 ची खोली घेऊन 20 हजार डिपॉझिट भरण्यापेक्षा हे झेपणारं होतं. सगळं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आणि वकिलाला दाखवायला सांगितलं. खोलीचा 11 महिन्यांचा करारही नोंदवून घ्या म्हटलं, महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो.

अकरा महिन्यांनी करार संपत आला, तेव्हा दोघं तोच कागद घेऊन आले. डब्याचे पैसे वाढले होते, तिचा पगार हजाराने वाढला होता. फ्लॅट विकायचा की तिने पुढे एकटीच्या नावावर घ्यायचा, हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या बैठकीला बँकेचा कर्जाचा उतारा घेऊन यायला सांगितलंय.