हप्त्याची गोळी अन् फळीवरचे पाच डबे

प्रश्न: ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला शेतकरी, वय 41. सहा वर्षांपासून कोपरं, गुडघे अन् डोक्यात सोरायसिस आहे, खवले पडतात, कापूस वेचायच्या दिवसात तर बोटं फुटून रक्त येते. चार महिने झाले मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू आहे, हप्त्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. मलम पण आहे. फरक पडून राहिला पण हळूहळू. आता माझ्या साळ्यानं पाच डबे आणून दिले, फिश ऑइल, हळदीच्या गोळ्या, गुळवेलीचा रस, बायोटिन अन् प्रोटीन पावडर, महिन्याले साडेचार हजार लागतील पण गोळी कायमची सुटते म्हणते. वरून गहू, दही, वांगं, मीठ, चणा सगळं बंद सांगतलं. वीस दिवसांपासून करून राहिलो, बरं वाटून राहिलं म्हणून या बाजारी गोळी घेतलीच नाही. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांले काही सांगतलं नाही. बरोबर करून राहिलो का चुकून राहिलो? खर्रा दिवसातून चार-पाच होतात, दारू कधीमधी. वजन 86 किलो.

उत्तर: भाऊ, आधी ज्याला थांबायला वेळ नाही ते सांगते. गुळवेलीचा रस अन् हळदीच्या गोळ्या आजच बंद करा, आणि पुढच्या बाजाराच्या आत डॉक्टरकडे जाऊन या, जाताना पाचही डबे पिशवीत घालून न्या. त्यांना लिव्हरची तपासणी करू द्या आणि मग ते सांगतील तशी गोळी पुन्हा सुरू करा. सुटलेली गोळी भरून काढायला पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नका, हे अगदी हात जोडून सांगते. रागावतील म्हणता, तर रागावू द्या, मी 28 वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीमागे उभी होते, रागावणारा डॉक्टर पाहिला पण डबे दाखवले म्हणून पेशंटचं नुकसान झालेलं पाहिलं नाही, लपवले म्हणून झालेलं मात्र पाहिलं.

आता तुम्हाला बरं का वाटून राहिलं ते बघा. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला साधारण दोन ते चार महिने लागतात. तुमचे चार महिने आता भरले, म्हणजे गोळी नेमकी कामाला लागली आणि त्याच वेळी साळेबुवांचे डबे घरात आले. पऱ्हाटीला युरिया दिला अन् त्याच रात्री पाऊस पडला तर पीक कशानं उठलं ते सांगता येत नाही, तसंच झालं हे. आणि गोळी सोडली की दुसऱ्या दिवशी लगेच आजार उलटत नाही, काही आठवडे आधीचाच गुण टिकतो, त्यामुळे माणसाला वाटतं की बघा सोडली तरी काही झालं नाही.

सोरायसिसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकीच्या ठिकाणी चेतते. एरवी कातडी नवी व्हायला महिनाभर लागतो, तिथं ते काम तीन-चार दिवसांत होतं म्हणून थरावर थर साचून खवले पडतात. मग इम्युनिटी वाढवणारं म्हणून विकलेलं काही घेणं हे शक्ती आधीच उधळलेल्या माणसाला बरं कसं? गुळवेलीबद्दल मी जास्त कडक बोलते त्याला कारण आहे. कोरोनाच्या काळात, 2020 च्या शेवटी, मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले सहा पेशंट नोंदवले होते, त्यांच्यातल्या काहींना शरीर स्वतःवरच उलटण्याचा त्रास आधीपासून होता. तुमची गोळीसुद्धा लिव्हरवर ताण टाकणारी, म्हणून तर दर काही महिन्यांनी रक्त तपासतात. दोघांचा भार एकाच लिव्हरवर कशाला? हळदीचंही तसंच. वरणात, भाजीत घातलेली हळद बिनधास्त खा. पण डब्यातल्या गोळीत तिचा अर्क कितीतरी पट असतो, त्यात अंगात जास्त मुरावं म्हणून मिऱ्याचा अर्कही घातलेला असतो, आणि अशा गोळ्यांनी लिव्हर दुखावल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत आहेत.

फिश ऑइलनं अपाय होणार नाही, पण त्याच्यावर फार आशाही ठेवू नका. 1988 मध्ये इंग्लंडमध्ये थोड्या पेशंटांवर पाहिलं तर खाज अन् लाली कमी झाली होती, मग 1993 मध्ये नॉर्वेत 145 जणांना चार महिने देऊन पाहिलं, अर्ध्यांना माशाचं तेल, अर्ध्यांना मक्याचं, तर दोन्ही गटांत फरक निघाला नाही. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर आधी विचारा. बायोटिन हे एक व्हिटॅमिन, त्याचं सोरायसिसमध्ये काही काम नाही, उलट त्याच्यामुळे थायरॉइड अन् हृदयाच्या काही रक्ततपासण्या खोट्या येऊ शकतात. प्रोटीन पावडरचे पैसे तुरीच्या डाळीत, अंड्यांत टाका. साडेचार हजारांत घरभर लोकांचं होईल.

पथ्याबद्दल म्हणाल तर तुम्हाला जे बंद करायला लावलं ते बहुतेक बिनकामाचं आहे. वांग्याला, दह्याला, चण्याला कुठलाही पुरावा नाही. मीठ बीपी असेल तर कमी करा. गव्हाचं थोडं वेगळं आहे. ज्यांना गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, म्हणजे सीलिएक नावाचा आजार आहे, त्यांना गहू सोडल्यानं सोरायसिसलाही फायदा होतो, आणि सोरायसिसवाल्यांत हा आजार इतरांपेक्षा थोडा जास्त सापडतो. पण ती रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते, सोडल्यावर खोटी येते, म्हणून डॉक्टरांना सांगा की वीस दिवसांपासून गहू बंद आहे. तपासणी नको असेल तरी ज्वारीची भाकर खाल तर वाईट काहीच नाही, आपले आजी-आजोबा तीच खाऊन शेतात राबले, रेशनचा गहू तर नंतर आला. एखादी गोष्ट खाल्ली की खाज सुटते असं तुम्हालाच दोन-तीनदा जाणवलं तर ती एकटी सहा हप्ते सोडून बघा, मग परत खाऊन बघा. पाच गोष्टी एकदम सोडल्या तर काहीच कळत नाही.

जे खरंच कामाचं आहे ते साळेबुवांनी सांगितलंच नाही, कारण ते डब्यात येत नाही. उंची तुम्ही लिहिली नाही पण 86 किलो बहुतेकांना जास्तच पडतात. जाड माणसाचं वजन उतरलं की सोरायसिस उतरतो आणि औषधही चांगलं लागू पडतं, खाण्यापिण्याच्या सगळ्या उपायांत सगळ्यात पक्का पुरावा याचाच आहे, 2018 मध्ये अमेरिकेच्या सोरायसिस फाउंडेशननं त्यांच्या सल्ल्यात हेच पुढे ठेवलं होतं. वर्षभरात सहा-सात किलो कमी करायचे म्हटलं तर चहातली साखर, दुपारची भजी, रात्रीचा भात अर्धा, एवढ्यानं सुरुवात होते. उपवासाच्या दिवशी साबुदाणा उसळ भरून खाऊन कमी होत नाही हेही सांगून ठेवते.

आणि दारू. या गोळीसोबत दारू म्हणजे लिव्हरवर थेट घाव, मग ती दुकानातली असो की मोहाची. लग्नात एक घोट, पोळ्याला एक घोट, असं मोजत बसण्यापेक्षा गोळी सुरू असेपर्यंत नाहीच म्हणा. खर्ऱ्याचं तर सांगायलाच नको. बिडी-सिगरेटनं सोरायसिस वाढतो हे माहीत आहे, खर्ऱ्यात पण तंबाखूच आहे आणि आपल्या भागात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट दर वॉर्डात दिसतात. शिवाय मेथोट्रेक्सेट जास्त झाली की पहिली खूण म्हणजे तोंडात फोड येणं, आणि खर्ऱ्यानं तोंड आधीच सोललेलं असेल तर ती खूण ओळखू येणार नाही, ही भीती मला सगळ्यात जास्त आहे.

कारण मी ते पाहिलंय. एक म्हातारे बाबा होते, हप्त्याची गोळी रोज घेत होते, कोणीतरी चिठ्ठी वाचून सांगताना चुकलं. अकराव्या दिवशी तोंडभर फोड, ताप, पाणीही गिळता येईना असे आले, रक्तातल्या पेशी खाली गेल्या होत्या, महिनाभर ॲडमिट होते आणि वाचले. तेव्हापासून मी पाकिटावर लाल पेनानं वार लिहून द्यायची आणि गावच्या बाजाराचा दिवस ठरवून द्यायची, कारण तो दिवस कोणी विसरत नाही. तुमची पद्धत तीच आहे, ती मोडू नका. मेथोट्रेक्सेटसोबत देतात ती फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी, ती डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या दिवशी, दोन्ही डब्या एका रंगाच्या नकोत. तोंडात फोड, ताप, धाप, कोरडा खोकला, डोळे पिवळे यातलं काही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना.

अजून एक, लघवीच्या किंवा छातीच्या इन्फेक्शनसाठी कोणी को-ट्रायमॉक्साझोल नावाचं अँटिबायोटिक दिलं तर सांगा की मी मेथोट्रेक्सेट घेतो, हे दोन एकत्र जीवावर बेततात. दुखण्याच्या गोळ्याही विचारूनच. आणि खाज थांबवते म्हणून कोणी सुई टोचली किंवा पुडी दिली तर त्यात स्टेरॉइड असू शकतं, त्यानं आठ दिवस कातडी चकाकते आणि थांबवलं की अख्ख्या अंगावर लाल होऊन, कधी पुवाच्या फोडांसकट उलटतं. कापूस वेचताना बोटांना हातमोजे किंवा कापडाची पट्टी बांधा, बोंडाचा काटा लागतो तिथंच नवा डाग उठतो, यालाच डॉक्टर कोबनर म्हणतात. सकाळी सांधे आखडत असतील, बोटं सुजत असतील तर तेही सांगा, सोरायसिस सांध्यांत उतरतो.

प्रश्न: माझ्या मुलीचं वय 23, सोरायसिस आहे, मेथोट्रेक्सेट सुरू आहे. लग्न ठरत आहे. दुकानदारानं व्हिटॅमिन डीची 60 हजार युनिटची पुडी दिली, ती रोज घेत आहे. आमच्याकडे तलावाचे मासे नेहमी होतात, पण नातेवाईक म्हणतात दूध अन् मासे एकत्र खाल्ल्यानं झालं, मासे बंद करा. (भंडारा जिल्हा)

उत्तर: काकू, ती पुडी रोजची नाहीच, 60 हजारची पुडी हप्त्यातून एकदा अन् तीही काही हप्तेच देतात. आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगून कॅल्शियम तपासून घ्या, जास्त डीनं कॅल्शियम वाढतं, उलट्या, फार तहान, किडनीवर ताण. तिला डी कमी आहे का हे आधी तपासा, कमी असेल तर भरून काढायचं, पण त्यानं डाग जातील ही आशा नको. नॉर्वेत ट्रॉम्सोला 122 पेशंटांना हिवाळ्यात चार महिने डी देऊन पाहिलं, डागांवर फरक पडला नाही. (2022 मध्ये पंचवीस हजारांवर लोकांच्या एका मोठ्या अभ्यासात डी घेणाऱ्यांत शरीर स्वतःवरच उलटणारे आजार 22 टक्के कमी दिसले, पण तो नवीन आजार होऊ नये याचा हिशोब, आजार बरा व्हायचा नाही.) डीसारखं मलम मात्र खरंच लागू पडतं, कॅल्सिपोट्रिऑल, ते डॉक्टर लिहून देतात.

मासे खा, मजेत खा. दूध-माशांनी सोरायसिस होत नाही. तो लागतही नाही, एकाच ताटात जेवलं, एकाच अंथरुणात झोपलं तरी लागत नाही, हे सोयरिकीत मोठ्यानं सांगा. आणि लपवू नका. लपवलेला डाग लग्नानंतर दिसतो तेव्हा सासरी पोरीची काय अवस्था होते ते मला बघवत नाही. पण याहून निकडीचं म्हणजे मेथोट्रेक्सेटवर असताना दिवस राहिले तर बाळाला व्यंग येऊ शकतं. लग्न ठरतं आहे हे डॉक्टरांना आताच सांगा, गोळी कधी थांबवायची, तोवर काय सांभाळायचं, तिच्याजागी अल्ट्राव्हायोलेट उजेडाचा उपचार चालेल का, ते ठरवतील. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात कातडीची ओपीडी आहे, तिथं मुलीला एकटीनं डॉक्टरशी बोलू द्या, तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा.

प्रश्न: जवसाचं तेल प्यावं का अंगाला लावावं? (वाशीम)

उत्तर: जवसाची चटणी भाकरीसोबत खा, चांगली आहे, पण त्यातलं ओमेगा-3, म्हणजे चांगली चरबी, माशासारखं नाही, शरीर त्याचा थोडाच भाग बदलून वापरतं, म्हणून औषध समजून पिऊ नका. अंगाला लावायला खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन बरं, आंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच, हिवाळ्यात दिवसातून दोनदा. खवले नखांनी ओढू नका. आणि व्हॅसलीन लागलेली चादर, स्वेटर चुलीजवळ अन् शेकोटीजवळ नेऊ नका, असं कापड पटकन पेट घेतं.