गाडी बदलायची कुठे, पुण्यात की मिरजेत?

प्रश्न : आजोबा सांगायचे, बेळगावहून मुंबईला जाताना पुण्यात गाडी बदलायची. बाबा म्हणतात, मिरजेत. खरं कोण? शिवाय आजोबांचा इंजिनापाशी उभं राहून काढलेला एक फोटो आहे, इंजिनावर ‘वायपी’ लिहिलंय. आजी म्हणते, तो १९४५ सालचा, लग्नानंतर लगेचचा. वायपी म्हणजे काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दोघंही खरे. फरक वयाचा आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर या भागात रेल्वे हवी होती, पण स्वस्तात. म्हणून १८८२ साली निघालेल्या सदर्न मराठा रेल्वेनं मीटरगेज टाकलं, दोन रुळांत एक मीटर. लोंढा, बेळगाव, मिरज करत हीच वाट पुण्यापर्यंत. पुढं मुंबईचे रूळ साडेपाच फुटी, म्हणजे ब्रॉडगेज, तेव्हा उतरा! १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज ब्रॉडगेज झालं आणि उतरायची जागा मिरजेला आली. नव्वदच्या दशकात आपल्याकडचेही रूळ रुंदावले आणि ती कटकट संपली.

माणूस बोचकं उचलून पलीकडं जातो, मालाचं काय? माझे वडील मिरजेच्या मालधक्क्यावर कारकून. मी डबा घेऊन जायचो. इकडं मीटरगेजची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, तिकडं ब्रॉडगेजची, मधून पोती पाठीवर घेतलेले हमाल आणि दारात वही घेऊन मोजणारे वडील. एकदा ब्याडगी मिरचीचं पोतं फाटलं. अख्खा धक्का शिंकायला लागला, वडिलांची मोजणी चाळिशीत कुठंतरी चुकली. भरलेली पोती पुन्हा उतरवून मोजली. रात्री आईनं त्यांचा सदरा घरात घेतलाच नाही, बाहेर दोरीवर टाकायला लावला. दुसऱ्या दिवशीही त्याच्याजवळून जाताना नाक चुरचुरायचं.

आता फोटो. इंजिनांच्या खुणेत ‘वाय’ म्हणजे मीटरगेज, ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज. पुढचा ‘पी’ पॅसेंजरचा, ‘जी’ मालगाडीचा. म्हणजे आजोबांच्या मागं मीटरगेजचं, प्रवासी गाडी ओढणारं वाफेचं इंजिन आहे. एवढ्यावरून स्टेशन मात्र ठरत नाही, त्या काळी ते पुण्यातही दिसलं असतं आणि मिरजेतही. साल मात्र जुळत नाही. वायपी जातीची पहिली इंजिनं आली १९४९ च्या सुमारास. आजींना हे सांगायचं तर जेवणानंतर सांगा.