वाचक विचारतात : वेबसाइटला विजेट लावावं का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा सचिव आहे. वेबसाइटवर ठेवींचे व्याजदर वाचता येत नाहीत, अशी लेखी तक्रार आमच्या एका अंध सभासदाने केली. वेबसाइटवाला म्हणतो, कोपऱ्यात व्हीलचेअरच्या चित्राचं विजेट, म्हणजे पान वाचून दाखवणारं बटण बसवू, वर्षाला फी भरा, विषय संपला. बसवावं का?

उत्तर : सचिवसाहेब, नका बसवू. मी स्वतः अंध आहे आणि वेबसाइट तपासणं हा माझा धंदा. पान वाचून दाखवणारं बटण मला कशाला? माझ्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे, तो दिवसभर बोलतच असतो. अडतं ते पानात बोलण्यासारखं काही नसलं की. ‘कोडची एक ओळ टाका, साइट दिव्यांगांसाठी सुगम’ अशा दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसीबी या विजेटवाल्या कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले.

तुमचे दर बहुधा चित्र म्हणून चढवलेले असणार. डीटीपीवाल्याकडून जाहिरात आली, तीच साइटवर टाकली, हे सगळीकडेच चालतं. अशा चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी कोडमधली ओळ नसली की स्क्रीन रीडर ते गाळून पुढे जातो, नाहीतर फाइलचं नाव वाचतो. दर साध्या तक्त्यात टाइप करून घ्या आणि वरची ओळ कोडमध्ये मथळा म्हणून नोंदवायला सांगा. मग मी ‘१३ महिने’वरून उजवीकडे सरकलो की ‘ज्येष्ठ नागरिक’ असं आधी ऐकू येतं, आणि मग आकडा.

टायपिंग मात्र युनिकोडमध्येच हवं, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं तसं. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. ‘मुदत ठेव’च्या जागी माझ्या कानावर डॉलर, कंस, एक्स असलं काहीतरी आदळतं. वार्षिक सभेची पीडीएफ त्याच फॉन्टमधून काढली असेल तर तिचीही तीच गत, आणि स्कॅन केलेली असेल तर नुसती शांतता. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘ईएन’ (इंग्रजी) असेल तर ‘एमआर’ (मराठी) करा, म्हणजे मराठी आवाज लागेल.

आणखी एक. माउस काढून ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर, टॅबचं बटण दाबत कर्जाच्या अर्जापर्यंत पोचून तो भरून बघा. अडकलात, तर ज्याचे हात थरथरतात तो सभासदही तिथेच अडकतो.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ला केवायसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

दुरुस्ती झाली की तक्रार करणाऱ्या सभासदालाच तपासायला बोलवा. मानधन द्या, विजेटच्या फीतून निघेल.