सिकलसेलच्या कामाला निघालेल्या मुलीस

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. धडगाव तालुक्यात समुपदेशक म्हणून तुझी नेमणूक झाली, ऐकून फार बरं वाटलं. गेल्या गेल्या तुझ्या हाती टार्गेट देतील. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून मुलात येणाऱ्या या रक्ताच्या आजाराचं, निर्मूलन असं ठरलं आहे. एवढं मोठं उद्दिष्ट हवंच होतं. मात्र मोजणी होते ती तपासलेल्या रक्ताची. पुढच्या पिढीतला आजार टळतो तो निकाल त्या माणसाच्या हाती पडला, त्याला उमजला आणि लग्नाआधी उमजला, तर. तुझी खरी नोकरी तीच.

चाचणी स्वतः करून बघ. द्रावणात थेंबभर रक्त टाकायचं, थोडं थांबायचं आणि नळी छापील काळ्या रेघांपुढे धरायची. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळपणात बुजल्या तर पॉझिटिव्ह. माणूस एएस म्हणजे वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला) आहे की एसएस म्हणजे रुग्ण (दोष दोघांकडून आलेला), हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी लागते. तोवर कुणालाही ‘तुला सिकलसेल आहे’ म्हणू नकोस. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, नुकतंच रक्त चढवलेला पेशंट, अंगात रक्त फारच कमी असलेली बाई, यांची नळी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबू नकोस.

दोघंही वाहक असलेल्या जोडप्याला ‘चारात एक’ असं सांगून उठू नकोस. लोक त्याचा अर्थ असा घेतात की एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. ही समजूत फार घात करते. दोन वाट्या घे. प्रत्येकीत एक पांढरा चवळीचा दाणा, एक लाल तुरीचा; पांढरा म्हणजे निरोगी गुण, लाल म्हणजे सिकलसेलचा. आईनं डोळे मिटून आपल्या वाटीतला एक उचलावा, बापानं आपल्या वाटीतला. दोन्ही लाल निघाले तर मूल एसएस. मग दाणे परत वाटीत टाक आणि पुन्हा उचलायला लाव. दाणे परत टाकायला विसरू नकोस, सगळं त्यातच आहे. प्रत्येक गरोदरपणात तोच पंचवीस टक्के धोका नव्यानं उभा राहतो. हे पावरीत, भिलीत सांगणारी आशाताई सोबत असू दे. सासूला दुभाषी करू नकोस.

निकाल एकेकट्याला सांग. आश्रमशाळेत नावं मोठ्यानं वाचली की संध्याकाळपर्यंत पाड्यावर पोचतात आणि सोयरीक मोडते ती मुलीचीच. दाणा दोन्हीकडून येतो, हे पुरुषांसमोर ठासून सांग. वाहक आजारी नसतो. त्यानं लग्न करू नये असं म्हणण्याचा अधिकार तुला नाही, मलाही नाही. जोडीदाराची तपासणी आधी व्हावी, एवढं आपण सांगायचं. दोघं वाहक निघाले आणि तरी लग्न ठरलं, तर गर्भाची तपासणी करता येते. ती साधारण दहा-बारा आठवड्यांत होते, म्हणून पाळी चुकली की लगेच ये, हे आधीच सांगून ठेव.

दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. तेव्हा अहवाल घेऊन गेलीस तर दाराला कडी दिसेल. होळीला, भोंगऱ्याच्या म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजार-जत्रेच्या दिवसांत माणसं परततात; गृहभेटी तेव्हा लाव.

हे काम फक्त सातपुड्याचं समजू नकोस. जळगाव-धुळ्याच्या शहरांत थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहेत, सिंधी समाजात जास्त. एकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला, तरी मूल आजारी होऊ शकतं.

जन्मलेल्या रुग्णांना मात्र विसरू नकोस. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजले, दुखतात म्हणून ते रडतं, तर मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसू देऊ नकोस, तपासायला आण. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या मध्येच बंद होऊ देऊ नकोस, त्यानं दुखण्याचे झटके कमी होतात. पाणी भरपूर, थंडीत अंगभर पांघरूण, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्याचं प्रमाणपत्र काढायला मदत कर.

रुजू झालीस की आधी जुनी रजिस्टरं मागून घे. नळी पॉझिटिव्ह आली आणि पुढची तपासणी झालीच नाही, अशी नावं वेगळी काढ. त्यातही लग्नाच्या वयाची पोरं-पोरी सगळ्यात आधी.

तुझा,
सर