स्टिक कापायची घाई नको

सुट्या भागांच्या किटमधून तुम्ही घरी बांधताय त्या विमानाची स्टिक, म्हणजे विमान वळवायचा आणि वर-खाली न्यायचा दांडा, पूर्ण डावीकडे नेली की मांडीला अडते, म्हणून वरून चार इंच कापू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या डिचोलीच्या शेडमध्ये नेमकं हेच दुखणं होतं. मी इंजिनिअर नाही हं. तुमच्या किटच्या डिझायनरचा शब्द अंतिम.

पिव्होटपासून (दांडा ज्या बिंदूभोवती फिरतो तिथून) ग्रिपपर्यंत 16 इंच धरले तर कापून 12 उरतात. म्हणजे तोच एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी झडप) वळवायला एक तृतीयांश जोर जास्त, शिवाय मूठ मांड्यांच्या बेचक्यात उतरते. त्यापेक्षा दांड्याला पुढे बाक द्या; गुडघ्यांकडे पाय आपोआप फाकलेले असतात, तिथे जागा मिळते. आणि अडतं तेवढं चालवून घेऊ म्हणू नका. दुपारी समुद्रावरचा वारा आडवा लागला की उतरताना तोच शेवटचा इंच हवा असतो.

पण बाक कसा ते विमानाच्या मंजुरीची फाईल पाठवण्याआधी ठरवा. माझी फाईल कुठल्या कार्यालयात अडकली ते सांगत नाही. ड्रॉइंगमध्ये दांडा सरळ, विमानात वाकडा, एवढीच हरकत. किटवाल्यांचं पत्र आणलं, तर ईमेलची प्रिंट चालत नाही, शाईची सही पाहिजे. सही आली तोवर साहेबांची बदली. नव्या साहेबांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. मध्येच पाऊस लागला आणि ताडपत्रीखाली रॉड-एंड बेअरिंगं (कंट्रोलच्या दांड्यांच्या टोकांची) गंजली. वाकवलेली नळी कुठे कमकुवत होते, हे मात्र एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं!

बाक स्वस्तात ठरवायचा तर नमुना करा: प्लायवूडची सीट, पीव्हीसी पाइपची स्टिक, पण कुशन खरंच घ्या. फोम दबला की माणूस खाली जातो. पट्टे आवळून, उडताना घालता तेच बूट घालून बसा आणि स्टिक चारही कोपऱ्यांत न्या. शेजारच्या सीटवर मेव्हण्याला शीत-कढी जेवल्यावर बसवलं, तर मागे ओढलेली स्टिक थेट त्याच्या पोटाला टेकली. लँडिंगला एलिव्हेटर (शेपटीची, नाक वर-खाली करणारी झडप) पुरा वर जाणार कसा? त्या बाजूची स्टिक मी पिन काढून उचलता येईल अशी केली.

फोमची ग्रिप आपल्याकडे नको, घामाने चिकट होते. सायकलच्या हँडलची टेप बरी. पीटीटी बटणाच्या (दाबून रेडिओवर बोलायच्या) वायरला पिव्होटपाशी सैल वळसा ठेवा, नाहीतर घासून तुटेल. तुमची सीट मागेपुढे सरकते का? ते लिहिलं नाहीत.