आत्मविश्वास वाढवायचं ध्येय मोजायचं कसं?

"ध्येय मोजता येईल असं हवं म्हणतात. मला यंदा आत्मविश्वास वाढवायचा आहे, तो मोजू कसा?" असं तुम्ही विचारलंय. आत्मविश्वासाचं मला फार सांगता येणार नाही. खर्ऱ्याचं सांगतो, म्हणजे आमच्याकडं सुपारी, तंबाखू नि चुना घोटून पुडीत देतात त्याचं.

मी पांढरकवड्याकडचा, कापसाची शेती. रोजचे सहा खर्रे, त्यातला पहिला चहाच्याही आधी. साळा पुण्याला कंपनीत. एका दिवाळीला तो 'स्मार्ट' ध्येयांचा छापील कागद घेऊन आला. S-M-A-R-T अशी इंग्रजी पाच अक्षरं, दर अक्षराला ध्येयाची एक अट, म्हणून पाच रकाने. माझ्याकडून लिहून घेतलं : १ जानेवारीपासून खर्रा बंद. ४ तारखेला मी ठेल्यावर. पुढच्या वर्षी ६ तारखेला, म्हणजे प्रगतीच म्हणा. साळा भर पंगतीत म्हणाला, "भाऊजी, तुमच्यात विलपॉवरच नाही."

त्याच उन्हाळ्यात ठेच्याचा घास तोंडात इंगळासारखा लागायला लागला. दाताच्या डॉक्टरांनी वरच्या-खालच्या दातांमध्ये पट्टी धरली. २८ मिलिमीटर. तीन बोटं उभी जायला पाहिजेत, माझी दोनच जात होती. सुपारीनं गाल आतून आखडतो आणि आखडलेला पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, हे तेव्हा कळलं.

घरी आल्यावर बायकोनं गेल्या हंगामाची वेचणीची वही काढली. बायांचा रोजचा कापूस तिच्यात किलोवर चढतो. मागच्या पानावर माझं नाव टाकलं. आठवड्यात सहाचे तीन झाले. मी खूश, ती नाही. कारण पारावर दुसऱ्याच्या पन्नीतली चिमूट मी धरतच नव्हतो, आणि ठेलेवाल्याला "जरा भरून घोट" म्हणायला लागलो होतो. ती म्हणाली, "दवाचा ओला कापूस तोलाले आणणारी बाई मले गाठोड्याले हात लावल्याबरोबर समजते. तुमचं नाई समजन का?"

मग पुड्या मोजणं सोडलं. सकाळचा पहिला खर्रा किती वाजता, एवढंच लिहायचं. तेव्हा ती घरातच असते, लपवणार कुठं? सहाचे सात झाले, मग साडेआठ. मृग लागेपर्यंत पहिला खर्रा दुपारच्या जेवणामागं गेला. पोळ्याच्या सुमारास एक दिवस रकाना कोराच राहिला. त्यानंतर दोनदा घसरलो, तेही वहीत आहे.

तुम्हीही आत्मविश्वास-बित्मविश्वास राहू द्या. आठवड्यात चारचौघांत किती वेळा तोंड उघडलं ते मोजा. बचत गटाची बैठक, बँकेची खिडकी, काहीही. फक्त वही स्वतःच्या हातात ठेवू नका.

साळ्याच्या कागदावर 'ए' म्हणजे अचीव्हेबल, जमण्याजोगं, असं होतं. जॉर्ज डोरननं १९८१ साली ज्या लेखात हे 'स्मार्ट' मांडलं, तो होता मॅनेजर लोकांसाठी, आणि त्यात 'ए' म्हणजे असाइनेबल. काम कोणाच्या अंगावर, ते आधी ठरवा. दर ध्येयाला पाचही अक्षरं लागलीच पाहिजेत, असंही त्याचं म्हणणं नाही. साळ्यानं सगळं माझ्या विलपॉवरच्या अंगावर टाकलं होतं. गेल्या दिवाळीत हे त्याला ऐकवलं, पंगतीतच. तो म्हणे, "मग श्रेय ताईचं." ते मान्य. पण विलपॉवरचा शब्द त्यानं अजून मागं घेतलेला नाही.

आणि हो, ज्याच्या तोंडात तीन बोटं जात नाहीत, त्यानं माझ्यासारखी वेळ पुढं ढकलत बसू नये. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी बंद करायला सांगितलं होतं, मी पोळ्यापर्यंत लावलं. तोंडाचे व्यायाम करून करून पट्टी आता ३० दाखवते. तिसरं बोट अजून अडकतंच.