वाचकांचे प्रश्न : घरात दोन देशांचे पासपोर्ट, ब्रिटनला जायचे कसे?

प्रश्न : वडिलांचा जन्म 1961 पूर्वी गोव्यात झालेला असल्याने त्यांचा, माझा आणि माझ्या दोन वर्षांच्या मुलाचा पासपोर्ट पोर्तुगीज आहे, पत्नीचा मात्र भारतीय. चुलतभावाकडे स्विंडनला महिनाभर राहायला जायचे आहे. चौघांचेही ‘ईटीए’ दोन दिवसांत काढून देतो, असे एक एजंट सांगतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ठेवू नये. ब्रिटनची ही इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी कुटुंबाला नव्हे, तर एकेका पासपोर्टला मिळते, आणि ती ज्या देशांच्या नागरिकांना अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठीच आहे. पोर्तुगालसह युरोपीय देशांच्या नागरिकांना ती 2 एप्रिल 2025 पासून आवश्यक झाली. त्यामुळे आपण, वडील आणि मुलगा अशा तिघांचे तीन स्वतंत्र अर्ज करावे लागतील. मूल लहान आहे म्हणून सूट नाही. आपल्या पत्नीला भारतीय पासपोर्टवर ही परवानगी मिळूच शकत नाही. त्यांना पर्यटक व्हिसा काढावा लागेल, त्यासाठी व्हिसा अर्ज केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतील आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. पती पोर्तुगीज नागरिक आहे, एवढ्याने यातून सुटका होत नाही.

आपले तीन अर्ज घरी बसून सहज करता येतात. ‘यूके ईटीए’ हे ॲप किंवा ब्रिटिश सरकारचे संकेतस्थळ, एवढे दोनच मार्ग वापरावेत. त्यांच्यासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे त्याच कामाचे जादा पैसे घेतात. शुल्क सुरुवातीला 10 पौंड होते, 9 एप्रिल 2025 रोजी ते 16 पौंड झाले, म्हणून अर्ज भरताना दिसणारा आकडाच खरा धरावा. ॲपमध्ये पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानाचा फोटो काढावा लागतो, आणि इथेच बहुतेकांची गडबड होते: डोक्यावरच्या ट्यूबलाइटची चकाकी त्या गुळगुळीत पानावर पडते व अक्षरे पुसट येतात. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात फोटो काढावा. पुढे क्रमांक तपासताना इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांची अदलाबदल झालेली नाही ना, हे एकेक अक्षर बोटाने धरून पाहावे. आपल्याकडे जुन्या जन्मनोंदीत नावाचे स्पेलिंग एक आणि आधार कार्डावर दुसरे, असे घरोघरी आढळते. अर्जात मात्र पोर्तुगीज पासपोर्टवर छापलेलेच नाव जसेच्या तसे हवे.

निर्णय ईमेलने, बहुधा तीन कामकाजाच्या दिवसांत कळतो. कधी जास्त वेळही लागतो. परवानगी दोन वर्षे, किंवा त्याआधी पासपोर्ट संपला तर तोपर्यंतच चालते. पासपोर्ट बदलला की नवा अर्ज करावा लागतो. म्हणून वडिलांच्या पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर आधी त्याचे नूतनीकरण करून घ्यावे. एका खेपेस सहा महिन्यांपर्यंत राहता येते, पण तिथे नोकरी करता येत नाही, आणि प्रवेश द्यायचा की नाही हे विमानतळावरचा अधिकारीच ठरवतो. भारतात परतण्यासाठी तिघांनीही ओसीआय कार्डे (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ती) जवळ ठेवावीत. ब्रिटनच्या प्रवेशासाठी त्यांचा उपयोग नाही.

पत्नीचा व्हिसा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. तो आधी भरावा, आणि त्याचा निर्णय हाती येईपर्यंत परतावा न मिळणारी तिकिटे चौघांपैकी कोणाचीही काढू नयेत.